नादिनूचं वर्ष

सिंहाच्या शिकारीत राजाने भाला उगारला आणि नेमका तेव्हाच नादिनू शिंकला. सिंह पळाला. सिंहाचं भलं झालं, नादिनूचं वाटोळं!

नादिनू म्हणजे काही ऐरागैरा नव्हे. वेशीवर पहारा देता देता वर चढत तो अश्शूरच्या राजाचा सुभेदार झाला होता. शिवाय त्या देशात वर्षांना आकडे नसत. दर वर्षाला राजाचं नाहीतर एकेका अधिकाऱ्याचं नाव देत. चालू वर्ष नादिनूचं होतं.

“संध्याकाळी मान उडवा त्याची!” राजा गरजला. “आणि त्याचं नाव राज्यातून पुसून टाका. यापुढे जो ते घेईल त्याची जीभ छाटा, मग तो कुणी का असेना!”

पुसायचं काम आलं अहातूकडे. लिहिण्याच्या पाट्यांसाठी ती दरबारात माती मळायची आणि त्यांवर लिहायचीही. बाप गेल्यावर तिला या कामाला नादिनूनेच लावलं होतं. हुकूम ऐकून रडत बसायला वेळ कुठे होता?

दिवस कलताना ती ओल्या मातीची पाटी घेऊन राजासमोर उभी राहिली. शेजारी जल्लाद जीभ छाटायच्या सुरीला धार लावत होता.

“झालं का काम?”

“झालंच म्हणायचं, महाराज. आपल्या विजयाचा लेख तेवढा अडलाय. डोंगरी किल्ला कोणत्या वर्षी जिंकला म्हणून लिहायचं?”

“याच वर्षी!”

“पुढल्या वर्षी वाचणाऱ्याला वाटेल, पुढल्या वर्षी जिंकला.”

“मग माझ्या नावाच्या वर्षी जिंकला, असं लिही!”

“ते वर्ष कधीच सरलं, महाराज. त्या वर्षी त्याच किल्ल्यावरून आपण मार खाऊन परतलात.”

सगळा दरबार छताकडे बघू लागला.

“युवराज जन्मले त्या वर्षी, असं लिही!”

“लिहिते की. पण युवराज कोणत्या वर्षी जन्मले, असं कुणी विचारलं तर?”

“अगं बये, एवढंही ठाऊक नाही? नादिनूच्या वर्षी!”

जल्लादाने हळूच सुरी पाठीमागे लपवली.

अहातू वाकून म्हणाली, “महाराज, अख्ख्या राज्यातून नाव गेलं. एकाच जिभेवर तेवढं राहिलंय. तिचं काय करू?”

राजाने तोंडातल्या तोंडात जीभ फिरवून पाहिली. जागेवर होती. मग तो असा खदखदून हसला की मुकुट सावरायला दोन माणसं धावली.

“सोडा त्या शिंकऱ्याला! त्याचा सुभा त्याला परत द्या. आणि नदीकाठची माझी डाळिंबाची बाग या पोरीच्या नावे करा. वर्ष कोणतं लिहायचं, ते तिलाच विचारा!”