जांभळा रंग चढेपर्यंत

आंबेखोरे गावी भैरोबाच्या देवळात श्रीकृपानाथ महाराज उतरले होते, तेव्हाची ही हकिगत. दर्शनाला सारे गाव लोटे, पण महाराज संध्याकाळी जाऊन बसत ते गोंदाजी लोहाराच्या थंड भट्टीपाशी.

वर्ष होत आले, गोंदाजीने पोलादाला हात लावला नव्हता. त्याचा एकुलता एक पिराजी रानात मध काढायला जाई. "बाबा, सुरा कडक करा," असा त्याने हट्ट धरला आणि बापाने तो पुरवला. अस्वलाशी झटापट झाली, कडक पाते मधोमध मोडले आणि पोरगा गेला! तेव्हापासून गोंदाजी नुसता श्वास घेत होता एवढेच.

अशात सुभानराव शिकारी दारात आला. अस्वल पुन्हा माणसांवर येऊ लागले होते.

"सुरा कर. दगडावर ओरखडा उठेल असा कडक!"

गोंदाजीने हात जोडले. "धनी, लई कडक पातं ठिसूळ व्हतं. आच देऊन कडकपणा जरा उतरवू द्या."

"टाळ कुटून हातातली कला गेली तुझी! सांग त्या गोसाव्याला, तोच करील."

शहाणपण दटावून मिळत असते, तर सुभानरावाने तेही घरी नेले असते.

तरी त्या संध्याकाळी, महाराज शेजारी बसले असताना, गोंदाजीने भट्टी पेटवून पाते घडवले, लालबुंद तापवून पाण्यात बुडवले, घासून लख्ख केले. आता ते पुन्हा मंद आचेवर धरायचे, म्हणजे पात्यावर एकेक रंग चढत जातो. पिवळ्या रंगावर काढले तर ठिसूळ राहणार, निळ्याच्याही पुढे गेले तर मऊ पडणार. मधला जांभळा तेवढा गाठायचा. पण डोळ्यांना धारा लागलेल्या, रंग दिसेना.

"माझ्यानं न्हाई व्हत, महाराज. आनि एक जीव जाईल माझ्या हातनं!" त्याने सांडस टाकून दिली.

महाराज उठले. नुसत्या हाताने पाते उचलून त्यांनी निखाऱ्यांवर धरले. जांभळा रंग चढताच ते पाण्यात सोडले. काय ती माउली! तळहाताला चटकासुद्धा बसला नव्हता.

"गोसाव्याचा सुरा!" असे हिणवत सुभानराव तो घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परतला, रक्ताने माखलेला. अस्वलाचा सगळा भार पात्यावर आला होता. पाते वाकले, पुन्हा सरळ झाले, पण मोडले नाही. त्याने महाराजांच्या पायांवर लोळण घेतली.

गोंदाजी भिंतीला टेकून रडत होता. "महाराज, माझ्या पिराजीच्या येळंला कुठं व्हता तुमी?"

महाराजांचे डोळे भरून आले. सुभानरावाला ते एवढेच म्हणाले, "माझे पाय सोड. त्याचे धर."

सुभानरावाने लोहाराच्या पायांवर डोके टेकले. गोंदाजीने त्याला उठवले नाही, पायही मागे घेतले नाहीत. तो रडतच राहिला.