टिटवीची शिकवणी

खुराड्यांना अजून कड्या नव्हत्या, त्या काळची ही गोष्ट. ठकू नावाची एक लेकुरवाळी कोंबडी रोज सकाळी माळावर टिटवीकडे शिकायला जाई. ही टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, तरी कुत्र्यालाही जवळ फिरकू देत नाही, हे तिने पाहिले होते.

"आधी जोरात ओरडायचं," टिटवी सांगे. "मग शत्रूच्या तोंडावर पंख हाणायचे. तो मागे सरला की भांडत बसायचं नाही, पळायचं."

ठकू घरी खराट्यावर सराव करी. तिचा नवरा तुरेराव कोंबडा हसून लोळे. "अगं, मी असताना तुला हे उद्योग कशाला?"

"तुम्ही आहातच, पण मी आपली शिकते," ठकू म्हणे.

एका दुपारी अंगणात मुंगूस शिरले. तुरेराव एका झेपेत कौलांवर पोचला. ठकूने मात्र जोरात आरोळी ठोकली. मुंगूस दचकले. तेवढ्यात तिने त्याच्या तोंडावर पंख हाणले, नाकावर नखे ओढली. ते मागे सरताच ती पिलांना घेऊन गोठ्यात म्हशीच्या पायांशी पळाली. मुंगूस नाक चाटत कुंपणाबाहेर गेले.

तुरेराव खाली उतरला. "मी वरून नजर ठेवून होतो."

"दिसलं मला," ठकू धापा टाकत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माळावर अकरा कोंबड्या जमल्या. सगळ्यांत मागे तुरेराव उभा होता.

"आपण कसे काय?" टिटवीने विचारले.

"बायकांना सोबत म्हणून आलोय," तो म्हणाला आणि कोणी बघत नाहीसे पाहून हळूच पंख हाणू लागला.