वांग्यांवरची साडी

"सावली केली, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. मग रोपं पिवळी का पडतात, बाबा?"

उखाला धाप लागली होती. वैशाखाच्या भर दुपारी तो अनवाणी दर्ग्यापर्यंत पळत आला होता.

भिकनशा फकिरांनी त्याचे पोळलेले पाय पाहिले.

"कसली रोपं?"

"वांग्याची. आक्कानं लावलेली. लावली, आणि त्याच आठवड्यात ती गेली."

फकीर उठले, त्याच्यामागं निघाले.

परसात वाफ्यावर काठ्यांचा बुटका मांडव होता. वर जाड पोती अंथरलेली, एकावर एक. आत अंधार. फकिरांनी वाकून कड उचलली. पोत्यांखाली निळी, नवी साडी ताणून बांधली होती.

"ही सावली आहे का कबर, रे?"

उखाच्या कपाळाची शीर ताठली. "तोंड सांभाळा, बाबा. आक्का दर उन्हाळ्यात साडीच बांधायची."

"जुनेर बांधत असेल."

"जुन्या साड्या मावशीनं वाटून टाकल्या. ही दिवाळीची तेवढी राहिली. एकदाच नेसली होती."

"आणि पोती कशाला?"

"उन्हानं साडी विटेल ना."

फकिरांनी पोती ओढून बाजूला टाकली. साडीतून ऊन झिरपलं. लांबट, मलूल रोपांवर निळसर उजेड पडला.

उखानं पोतं उचलून पुन्हा वर घातलं.

फकिरांनी ते पुन्हा काढलं.

"आणा इकडं," उखा गुरगुरला.

फकिरांनी डोक्याचा पटका सोडून त्याच्यापुढं धरला. "मग साडी काढ. पेटीत ठेव. हा बांध."

उखानं घाईघाईनं एक गाठ सोडली. साडीचं टोक खाली आलं, आणि ऊन थेट कोपऱ्यातल्या रोपावर पडलं. त्यानं झटकन त्यावर तळहात धरला.

एका हातात पदर. दुसऱ्या हाताखाली रोप...

बराच वेळ तो तसाच बसून राहिला. हाताची पाठ भाजत होती.

"दुसऱ्याच्या फडक्याखाली नको," तो शेवटी पुटपुटला. "तिची आहेत ती."

त्यानं गाठ पुन्हा बांधली. पोत्यांकडं पाहिलं. हात पुढं केला, मागं घेतला.

"पण विटेल, बाबा. पाऊस येईपर्यंत पार विटून जाईल."

फकीर पटका गुंडाळत होते.

"ती नेसली असती, तरी विटलीच असती."