दारातला सलाम

नगरकडच्या एका चर्चचे पाळकसाहेब आजारी पडले आणि रविवारचं प्रवचन कोण करणार, असा प्रश्न आला. धर्मशास्त्राची पदवी चर्चच्या मंडळीत एकट्या रूथबाई भांबळ यांच्याकडे होती. बाकीच्या पंचांची हरकत नव्हती, पण मुख्य पंच दौलतराव शिरसाठ ताडकन उठले.

"मंडळीत बायकांनी गप्प राहावं, असं बायबलात प्रेषित पौलानं लिहून ठेवलंय. काळ बदलला म्हणून शास्त्रातला एक शब्दही बदलत नाही!"

रूथबाईंनी शांतपणे पदर सावरला.

"बरोबर आहे, दादा. मी गप्प बसते. पण एकमेकांना पवित्र चुंबनानं सलाम करा, हेही पौलानंच लिहिलंय. उपासना सुटली की दारात उभं राहून सगळ्यांना सलाम करायचा मान तुमचा, आणि तुम्ही नुसते हात जोडता. या रविवारी शास्त्राप्रमाणे होऊ द्या. रांगेत पहिल्या आमच्या सासूबाई उभ्या राहतील."

दौलतरावांचे कान लाल झाले. "अहो, ती त्या काळची रीत होती!"

"माझं प्रवचन त्याच विषयावर आहे," रूथबाई म्हणाल्या.

रविवारी प्रवचन झालं. दारात दौलतरावांनी सगळ्यांना हात जोडले, पण जरा लांबूनच.