घरापुरती दवंडी

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक दवंडीवाला होता. त्याचा आवाज असा, की त्याने चावडीपाशी तोंड उघडलं की ओढ्यापलीकडच्या वाडीतली जनावरं कान टवकारायची. गळ्यात हलगी अडकवायची, कडकडाट करायचा आणि ओरडायचं, "ऐका हो ऐका!" मग कुणाची गाय हरवलीय, बाजार कुठल्या वारी भरणार, पाटाच्या पाण्याची पाळी कुणाची, सगळं गाव त्याच्याच तोंडून ऐकायचं.

घरी तो फक्त भाकरी खायला आणि पाठ टेकायला यायचा. बायको म्हणायची, "अवं, घडीभर बसा की."

"घरात काय ठेवलंय?" तो म्हणायचा. "समदं घडतंय ते भाईर." आणि वहाणा सरकवून निघायचा.

बायकोशी त्याचं काही वाकडं नव्हतं. उलट फार जीव होता. पण जीव आहे हे सांगायलासुद्धा माणसाला थोडं घरी थांबावं लागतं, आणि अठरा वर्षांच्या संसारात तेवढं काही त्याला जमलं नव्हतं.

दवंडी देताना त्याला एक खोड होती. गल्लीच्या टोकाकडे आला की तो उलटा चालायचा. पाठ पुढे आणि तोंड लोकांकडे. लोक ऐकतायत की नाही, हे त्याला बघायचं असायचं.

एकदा जत्रा जवळ आली. निशाणाची काठी उभी करायला देवळापुढे कमरेएवढा खड्डा खणला. कुणी पडायला नको म्हणून पाटलांनी दवंडी द्यायला सांगितली आणि आपला दवंडीवाला निघाला. "ऐका हो ऐका! देवळापुढं खड्डा खणलाय! म्हातारी-कोतारी, पोरं-सोरं, समद्यांनी खाली बघून चाला होऽऽ!" असं सांगत सांगत, लोकांकडे तोंड करून, उलटा चालत तो स्वतःच त्या खड्ड्यात गेला.

लोकांना आधी वाटलं, कसं पडू नये ते करून दाखवतोय. मग किंकाळी ऐकू आली आणि सगळे धावले. पाय नडगीत मोडला होता.

हाडवैद्य आला. त्याने पाय ओढून बसवला, लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि बोट रोखून म्हणाला, "तीन पंधरवडे पाय जमिनीला टेकायचा न्हाई. टेकलास तर हाड वाकडं बसंल आन् जन्मभर लंगडशील. लंगड्याच्यानं चार वाड्या पालथ्या घालणं व्हायचं न्हाई. मंग हलगी दुसऱ्याच्या गळ्यात."

पाटील भले होते. म्हणाले, "तोवर राखणदार दवंडी दील. तुझी जागा तुझीच. पर पाय नीट करून ये गड्या."

पहिले चार दिवस दवंडीवाल्याने घर डोक्यावर घेतलं. अंथरूण टोचतं, धूर लागतो, माशी गुणगुणते. बाहेर राखणदाराची दवंडी ऐकू आली की हा आत दात-ओठ खायचा. "ही काय दवंडी म्हणायची? ह्याच्यापरीस जोरात मी शिंकतो!"

पाचव्या दिवशी बायको ओढ्यावर गेली होती. बाहेर हलगी वाजली आणि याच्याने राहवेना. भिंतीला धरून उठला, पाच पावलं टाकली आणि दारात कोसळला. पाय टम्म सुजला. वैद्याने येऊन कामट्या सोडल्या, पुन्हा बांधल्या आणि म्हणाला, "हाड हललंय. आता मोजणी आजपासून. ह्याच्या म्होरं एकदा जरी टेकलास, तर मला बोलावू नगंस."

बायकोने लेपाचं भांडं घासून पालथं घातलं, चुलीपुढे बसली आणि डोळे पुसले. धुराने नव्हे, हे त्यालाही कळलं.

"चिडलीस व्हय?" त्याने विचारलं.

"हलगी ऱ्हायली काय आन् गेली काय," ती म्हणाली, "मला तुमच्या पायाचं भ्या वाटतं."

तेव्हा कुठे तो गप पडून राहिला. पण पाय गप बसला म्हणून तोंड बसतं थोडंच! तिसऱ्या दिवशी सकाळी बायको शिंक्याकडे बघून आपल्याशीच पुटपुटली, "आगं बाई, विरजणच न्हाई." झालं. दवंडीवाल्याने पडल्या पडल्या गळा साफ केला आणि सवयीने हाळी दिली, "ऐका हो ऐका! दवंडीवाल्याच्या घरचं विरजण सरलंय होऽऽ!"

घटकाभरात सात घरांतून सात वाट्या विरजण आलं. ओढ्यापलीकडच्या वाडीतून एक म्हातारी हाशहुश करत आठवी वाटी घेऊन आली. बायकोला कुठे तोंड लपवू असं झालं. दूध होतं शेरभर, आणि विरजण दारात मावेना. म्हातारी गेल्यावर तिने कंबरेवर हात ठेवले आणि रागवायला तोंड उघडलं, पण त्या आठ वाट्यांची रांग बघून तिला असं हसू फुटलं, की ती पोट धरून खालीच बसली. ते बघून हाही हसला. मोडलेला पाय दुखेपर्यंत हसला.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "तुम्हांस्नी दवंडी दिल्याबिगर करमायचं न्हाई, व्हय ना? मंग द्या. पर घरापुरती. हळू आवाजात, माझ्या एकटीसाठी. रोज एकच. आन् बातमी खरी पायजे, ह्या चार भिंतींतली पायजे, कालची चालायची न्हाई."

"घरात कसली बातमी आलीय?"

"ते तुम्ही बघा. दवंडीवाले तुम्ही हाय का मी?"

हे मात्र त्याला झोंबलं.

पहिल्या दिवशी त्याने बातमी दिली, "भिंतीला खुंटी हाय." बायको म्हणाली, "ती माझ्या लग्नाच्या आधीपास्नं हाय." दुसऱ्या दिवशी त्याने बराच वेळ छताकडे बघितलं आणि सांगितलं, "आढ्याला जळमट हाय." ती म्हणाली, "ती तर माझी रोजची बातमी. झाडते मीच." तिसऱ्या दिवशी मात्र तो सकाळपासून हट्टाने बघत बसला. कौलाच्या फटीतून उन्हाचा कवडसा आला होता. तो जात्यावरून सरकत उतरंडीवर गेला, एकेक मडकं उजळत वर चढला आणि सगळ्यात वरच्या गाडग्यापाशी विझला. बायको शेतावरून आली तेव्हा त्याने हळूच सांगितलं, "ऐका हो ऐका. आपल्या घरात रोज ऊन मडकी मोजायला येतंय. आज नऊ मोजली."

बायकोने उतरंडीकडे बघितलं आणि म्हणाली, "धा हुती. एक माझ्या हातून फुटलं, ते तुम्हाला सांगितलंच न्हाई. मंग नऊच." आणि दोघं पुन्हा हसली.

तेव्हापासून दवंडीवाल्याला कामच लागलं. बातमी पाहिजे तर लक्ष पाहिजे, आणि नुसतं पडून लक्ष लागेना, म्हणून त्याने हाताला उद्योग घेतला. ऊन जात्यावर असेपर्यंत डाळ निवडायची. उतरंडीवर चढलं की सुंभ वळायचं. ते विझलं की वाती करून ठेवायच्या. सुरुवातीला डाळीत जितके खडे तो काढायचा तितकेच ठेवायचा, आणि जेवताना कटकन दाताखाली खडा आला की बायको म्हणायची, "ही आजची बातमी!" पण पंधरा दिवसांत त्याच्या सुपातून खडा सुटेना.

मुंग्या पावसाळ्याची बेगमी कुठल्या फटीत नेतात, ते त्याला कळलं. चिमणी एकच काडी चार वेळा पाडते आणि पाचव्यांदा नेते, ते कळलं. आणि एक दिवस त्याने सांगितलं, "ऐका हो ऐका. ह्या घरातली बाई जात्यावर गुणगुणती. पर पीठ मऊ पडाय लागलं तरच. रवाळ पडलं की गप."

बायको लाजली. म्हणाली, "मला बी ठावं नव्हतं."

एका दिवशी मात्र बातमी सांगायची राहिली. संध्याकाळ झाली, बायको विचारायला लागली, "आज काय दवंडी न्हाई व्हय?" तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "ऐका हो ऐका. ह्या घरात एक बाई रोज शेवटाला जेवती. गार भाकरी, आन् भांड्याच्या तळची आमटी." मग तिच्याकडे बघितलं. "ही बातमी अठरा वर्सं जुनी हाय. दवंडीवाल्याला आज लागली."

बायकोने पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या दिवसापासून चुलीशेजारी दोन पाट पडले. त्याचा पाय एका पोत्यावर, मांडीवर ताटली, आणि दोघांच्या मध्ये तव्यावरून उतरलेली भाकरी. वाफ निघते तोवर अर्धी अर्धी. इतकी वर्षं आपण नुसतं पोट भरत होतो, जेवलो आत्ता, असं त्याला वाटलं.

मधल्या काळात कोंबडी खुडूक बसली. बायकोने त्याच्या अंथरुणापाशी पाटीत भुसा घालून अकरा अंडी मांडली. कोंबडी दिवस दिवस उठायची नाही. दवंडीवाला तिच्याकडे बघून म्हणायचा, "हिला कुण्या वैद्यानं कामट्या बांधल्यात? तरी बघ कशी बसलीया!" दोघं एकमेकांच्या सोबतीने बसू लागली.

आणि वैद्याने सांगितलेले दिवस सरायला पंधरवडाभर उरला असताना गावात धावपळ उडाली. राजा स्वारीला निघाला होता आणि गावातून जाणार होता. स्वारीपुढे हलगी वाजवत जो वेशीतून चालेल, त्याला राजा स्वतःच्या हाताने चांदीचं कडं घालायचा. असं भाग्य दवंडीवाल्याच्या सात पिढ्यांत कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं.

स्वारीच्या दिवशी पाटील स्वतः घरी आले. "गड्या, मान तुझा हाय. वेशीपर्यंत बैलगाडीनं नेतो. फकस्त वेशीतनं धा पावलं चालायची. धाच! मंग परत गाडीत."

दवंडीवाल्याची नजर भिंतीकडे गेली. खुंटीवर हलगी होती. बाहेर गाडी जुंपलेली होती. पाय आता दुखतही नव्हता. दहा पावलं म्हणजे काय, डोळा मिटून उघडेपर्यंत! पण पाच पावलांनी काय केलं होतं, तेही त्याला आठवत होतं. त्याने बायकोकडे बघितलं. ती पिठाचे हात तसेच धरून उभी होती.

"तू सांग," तो म्हणाला.

"पाय तुमचा हाय. मान बी तुमचाच हाय," ती म्हणाली. "मी अडवायची न्हाई." पण तिची नजर त्याच्या कामट्यांवरून हलेना.

तेवढ्यात पाटीतून बारीकसा आवाज आला. टक्. मग पुन्हा टक्. दवंडीवाल्याने कोंबडीकडे बघितलं. राजाची स्वारी येणार म्हणून ती काही उठली नव्हती. त्याने हात जोडले.

"पाटील, मान तुम्ही दिलात, तो मला पावला. पर आज जमायचं न्हाई. घरात बाळंतपण हाय."

पाटलांनी दचकून बायकोकडे बघितलं. "ह्या वयात?"

"कोंबडीचं," तो म्हणाला.

पाटील हसत हसत गेले. मग तुतारी वाजली, घोड्यांच्या टापा आल्या, लोकांचा गलका उठला आणि राखणदाराची हलगी बेताल वाजत वेशीकडे गेली. दवंडीवाल्याला रडू आलं. खोटं कशाला सांगा, चांगलं हमसून आलं. बायकोने पिठाच्याच हाताने त्याचे डोळे पुसले आणि त्याचं तोंड पांढरंफटक झालं. इतक्यात कोंबडीच्या पंखाखालून एक ओलं, वेडंवाकडं डोकं बाहेर आलं. मग दुसरं. दोघं श्वास रोखून बघत राहिली. संध्याकाळपर्यंत अकरा अंड्यांतून नऊ पिल्लं निघाली आणि त्यातलं एक सरळ दवंडीवाल्याच्या तळहातावर चढून झोपलं. चांदीचं कडं राखणदाराला मिळालं. ते मिळालं ते मिळालंच, परत फिरून काही या घरी आलं नाही.

पुढे एक दिवस हाडवैद्य घाईघाईने आला. दारातूनच म्हणाला, "माफ कर गड्या. पलीकडच्या गावात अडकलो. तुझे दिस भरून वर तीन झाले. मला शिव्या दिल्या असशील!"

"भरले व्हय?" दवंडीवाला सुंभ वळता वळता म्हणाला. "बसा की. ताक घ्या."

वैद्य चकित झाला. त्याने कामट्या सोडल्या, नडगीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ऊठ." दवंडीवाला उठला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, चुलीपासून दारापर्यंत गेला आणि परत आला. पाय सरळ होता. लंगडण्याचं नाव नाही. बायकोने देवापुढे साखर ठेवली.

"एवढी हाडं बसवली मी," वैद्य म्हणाला, "पर इतकं सरळ बसलेलं बघितलं न्हाई. अरं, तुझ्यासारखा भिरभिऱ्या माणूस इतके दिस घरात बसला तरी कसा?"

"बसलो कुठं, वैद्यबुवा," दवंडीवाला म्हणाला, "बसायला सवडच मिळाली न्हाई."

तात्पर्य: घरी अडकून पडलेल्या माणसाने दिवस मोजत बसू नये. रोज घरातली एक नवी गोष्ट शोधावी आणि ती आपल्या माणसाला सांगावी. दिवस आपसूक सरतात, आणि आपलं माणूसही कळतं.