काठावर बसलेला मिस्त्री

फार पूर्वी एका खाडीच्या तोंडाशी गलबतं बांधणारा एक म्हातारा मिस्त्री राहत होता. हाताखाली सुतार पुष्कळ होते, पण कुणाच्याही कामावर त्याचा भरवसा बसत नसे. संध्याकाळी माणसं घरी गेली की तो फळ्यांचे सांधे चाचपायचा, पाणी आत येऊ नये म्हणून त्यांत भरलेला कापूस उकरून काढायचा आणि राळ लावून पुन्हा स्वतः भरायचा.

हे कळल्यावर सुतार सैलावले.

"कापूस नीट ठोक रे," एक म्हणे.

"कशाला? बाबा उकरणारच आहेत," दुसरा हसे. "त्यांनाही काही काम नको का?"

हे कानावर आलं की मिस्त्री आणखी धास्तावे आणि आणखी उकरे. पण एकट्याच्या हातून सगळे सांधे होत नसत.

त्या वर्षी एका व्यापाऱ्यानं मोठं गलबत बांधायला सांगितलं. "मागचं पहिल्याच फेरीत पाझरलं," तो म्हणाला. "हेही पाझरलं, तर यापुढे पलीकडच्या खाडीत जाईन." म्हणजे इथल्या कारखान्याला टाळंच.

गलबत उभं राहिलं, पण मिस्त्री पार थकला. हात खांद्याच्या वर जाईना आणि सांधे तर सगळे बघायचे राहिलेले.

गलबत पहिल्यांदा पाण्यात सोडताना बांधणाऱ्यानं त्यात बसायचं, अशी तिथली रीत होती. आजवर मिस्त्री एकटाच बसत आला होता. या वेळी त्यानं सगळ्यांना बोलावलं.

"उद्या मी काठावर बसेन. गलबतात तुम्ही बसा, बायकामुलांना घेऊन."

"बाबा, तुम्ही सांधे बघितलेत ना?"

"नाही रे. आता होत नाही माझ्याच्यानं. तुम्ही भरलेत ना? मग झालं."

तो हसणारा सुतार डोकं खाजवत उठला. "उद्या नको, बाबा. चार दिवस थांबा. माझी बाजू जरा बघून घेतो."

"तुला तर पोहता येतं!" एक सोबती म्हणाला.

"मला येतं. बायकोला कुठं येतं?"

मिस्त्रीनं व्यापाऱ्याच्या हातापाया पडून चार दिवस मागून घेतले. सुतार स्वतः भरलेलेच सांधे उकरून पुन्हा भरत राहिले. मिस्त्रीला राहवत नव्हतं. आपण चूक तर करत नाही ना, असं सारखं वाटे. तरी तो हात मांड्यांखाली दाबून बसून राहिला.

भरतीला गलबत सुटलं. आतून हाक आली, "बाबा, तळ कोरडा आहे!"

मिस्त्रीनं नुसती मान हलवली. उठायचं त्राण नव्हतं, आणि आता उठायची गरजही नव्हती.

तात्पर्य: माणसांचं काम त्यांच्यामागून पुन्हा करत बसणारा म्होरक्या स्वतः झिजतो आणि माणसांनाही बिघडवतो. काम सोपवताना त्याची काळजीही सोपवावी.