कोरं काळीज

केळबावच्या धक्क्यावर उतरलात की समोर शेवंताच्या घराण्याची भट्टी दिसते. भट्टीच्या पडवीत लाल दोऱ्यांना काळजं टांगलेली असतात. काकवी, सुंठ, दालचिनी आणि गव्हाचं पीठ यांची ही जाड, तपकिरी, बदामाच्या आकाराची बिस्किटं. कडेने पांढऱ्या साखरेची वेलबुट्टी आणि फुलं असतात. मधली जागा मात्र कोरी असते. पाहुणे म्हणतात, इथे आमच्या मुलीचं नाव घाला, दुप्पट पैसे देतो. भट्टीवरच्या बायका नुसती मान हलवतात. केळबावात काळजावर नाव घालत नाहीत. का घालत नाहीत, ते मी माझ्या होडीतल्या माणसांना सांगतो, कारण ही गोष्ट खाडीवरच कळते.

असं सांगतात की फार पूर्वी, पावसाळ्याच्या शेवटी, खडकावर एक परदेशी गलबत फुटलं. त्यातला एकच माणूस जिवंत काठाला लागला. बाबल तांडेल नावाचा तारी, म्हणजे खाडीतून माणसं ने-आण करणारा होडीवाला, याने त्याला खांद्यावर टाकून घरी आणलं. तो माणूस जर्मन मुलखातला होता आणि गलबतावर पाव भाजायचा. त्याचं नाव गावाच्या जिभेवर बसेना. तो सांगे, लोक भलतंच म्हणत, मग दोघेही हसत. शेवटी सगळे त्याला भटारी म्हणू लागले आणि खरं नाव कुणी पुन्हा विचारलं नाही.

भटाऱ्याने बाबलच्या परसात मातीची भट्टी घातली. बाबलची मुलगी शेवंता त्याच्या हाताखाली काम करू लागली. त्याच्या मुलखात जत्रेला अशी काळजं भाजतात, त्यावर साखरेने अक्षरं काढतात आणि ती गळ्यात घालून फिरतात, हे त्याने तिला सांगितलं. मध मिळेना म्हणून त्याने काकवी घेतली. पीठ मळून मडक्यात मुरत ठेवायचं, कापताना वरच्या बाजूला दोऱ्याचं भोक आधीच पाडायचं, अंड्यातला पांढरा भाग आणि साखर पांढरीशुभ्र होईपर्यंत घोटायची, केळीच्या पानाच्या पुरचुंडीतून ती बारीक धारेने सोडायची, हे सगळं शेवंता त्याच्याकडून शिकली. देवळातल्या गुरवाने त्याला आपली अक्षरं शिकवली.

त्या वर्षी गावदेवीच्या जत्रेला त्याने घराघरातल्या माणसांच्या नावाची काळजं केली. भट्टीपाशी गर्दी उसळली. धोंडू रेवाळे म्हणून एक थट्टेखोर माणूस होता. तो म्हणाला, "भटाऱ्या, माका वाचूक येणा नाय. दुसरीचा नाव काढलंस तर बायल माका घरात घेवची नाय."

"तू नाव सांग, मी काढतंय," भटारी म्हणाला. "भांडण तुझा."

शेवंताच्या काळजावर त्याने सगळ्यांत नाजूक फुलं काढली. ते सगळ्यांच्या लक्षात आलं. त्याने स्वतःसाठी काळीज केलं नाही. त्याच्यासाठी एक करावं, हे दुसऱ्या कुणालाही सुचलं नाही.

देऊळ खाडीच्या पलीकडे आहे. बाबलच्या होडीतून माणसं गळ्यात नावं घालून निघाली. होडी भरली होती, काठ पाण्याला टेकला होता. मध्यावर ती आधी एका, मग दुसऱ्या अंगाला कलली आणि दोऱ्यांना लोंबणारी काळजं पाण्यात बुडाली. होडी सावरली. काळजं बाहेर आली तेव्हा साखर विरघळून गेली होती आणि सगळी काळजं कोरी होती. लोक पोट धरून हसले म्हणे. कुणी मेलं नाही, आणखी काय हवं.

आता खाडीचं एक सांगतो. भरती संपते आणि ओहोटी सुरू व्हायची असते, त्यामध्ये पाणी थोडा वेळ थांबतं. पान टाकलं तर जागचं हलत नाही. त्या वेळी खाडीतला गिऱ्हा वर येतो, असं आमच्याकडे मानतात. गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत. ते माणसाला ओढून नेतं. पण केळबावच्या गिऱ्ह्याने तोवर कुणाला नेलं नव्हतं, कारण कुणाला काय नावाने हाक मारावी हे त्याला ठाऊक नव्हतं.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, पाणी थांबलं आणि खाडीतून हाक आली. "धोंडू."

आवाज गोड होता. आई जेवायला बोलावते तसा. धोंडू जाळं विणत बसला होता. त्याने ओ दिली, उठला आणि पाण्यात चालत गेला. गळ्याशी पाणी आलं तरी त्याची चाल बदलली नाही. काठावरच्या बायकांनी ते पाहिलं. त्याची बायको धावली, तोवर वर काही उरलं नव्हतं.

पुढच्या खेपेला पाणी थांबलं तेव्हा विठाई वेंगुर्लेकरणीला हाक आली. तिने ओ दिली नाही, तोंडात पदर कोंबला. तरी तिचे पाय चालू लागले. घरातल्यांच्या हाताला तिचं लुगडं तेवढं आलं.

मग हाक आली ती शेवंताला.

बाबलने मुलीला घराच्या खांबाला बांधलं. पाणी थांबलं होतं तेवढा वेळ ती दोराला झोंबत होती आणि "येतंय, येतंय" म्हणत होती. ओहोटी लागली तशी ती भानावर आली. मनगटं सोलून निघाली होती. बाबल म्हणाला, "आता पाणी थांबला की परत तीच हाक. बोलावलेला येयपर्यंत गिऱ्हा दुसऱ्याकडे वळणा नाय. पण तेका आमची नावां शिकवल्यान कोणी?"

शेवंता भटाऱ्याकडे न पाहता म्हणाली, "साखरेन."

भटारी खाली बसला. बाबलच त्याला म्हणाला, "तू जा. तुका कोण बोलवचा नाय. तुझा नाव तेका ठावक नाय."

"माझा नाव कोणाकच ठावक नाय," भटारी म्हणाला.

त्याने भट्टी पेटवली. गावाने घरात होतं नव्हतं ते पीठ, गूळ आणि साखर आणून दिली. पीठ मुरू द्यायलाही वेळ नव्हता. त्याने काळजं भाजली आणि प्रत्येकावर आपल्या मुलखाच्या अक्षरांत एकच नाव घातलं, आपलं. गिऱ्ह्याने शेवंताचं नाव विसरावं म्हणून त्याला दुसरं नाव पोटभर खाऊ घालायचं, एवढीच त्याची युक्ती होती. कंबरेला दोर बांधून तो एकटा होडीत बसला. दोराचं दुसरं टोक काठावर बाबलच्या आणि शेवंताच्या हातात होतं. निघताना शेवंताने कच्च्या पिठाचे दोन गोळे त्याच्या कानांत घट्ट बसवले.

त्याने सगळी काळजं पाण्यात सोडली. पाणी पांढरं झालं, मग निवळलं. मग थांबलं.

काठावरच्या लोकांनी हाक ऐकली. त्यांना ती नुसती परक्या शब्दासारखी वाटली. पण शेवंता सांगे, भटाऱ्याचा चेहरा तिला दिसत होता. गलबत फुटल्यापासून त्याचं नाव कुणी धड उच्चारलं नव्हतं. खाडीने ते बरोबर उच्चारलं. पिठातूनही त्याला ते ऐकू गेलं. तो होडीत उभा राहिला, हसला आणि होडीचा काठ ओलांडून पाण्यात उतरला.

दोर ताणला. अख्खं गाव दोराला लागलं. त्याला बाहेर काढलं तेव्हा तो रडत होता आणि परत पाण्याकडे ओढ घेत होता. पोहून दमलेला माणूस काठाकडे ओढ घेतो, तसा. त्याला इथे ठेवणं शक्य नव्हतं. पुरुषांनी त्याला डोलीत बांधून घाटावर नेलं, जिथे खाडीचा आवाज पोचत नाही. शेवंता चढाच्या पायथ्यापर्यंत गेली. पुढे बापाने तिला जाऊ दिलं नाही. भटारी परत येऊ शकत नव्हता आणि आलाही नाही. तो घाटावर किती जगला, कुणाला ठाऊक नाही. शेवंताने लग्न केलं, मुलाबाळांना भट्टी शिकवली आणि मधली जागा कोरी ठेवायला शिकवलं.

बोलावलेला माणूस आला नाही, म्हणून गिऱ्हा दुसऱ्याकडे वळला नाही. आमचा गाव एवढ्यावरच जगतो आहे. आजही पाणी थांबलं की खाडी तेच नाव घेते. मी ऐकलं आहे, पण ते तोंडाने सांगणार नाही. म्हातारी माणसं म्हणतात, आवाजातली माया वर्षागणिक वाढतच चालली आहे. ते नाव आपल्यात कुणाचंच नाही, म्हणून आपल्या माणसांना त्याचं काही होत नाही. पण भटाऱ्याच्या मुलखातले पाहुणे धक्क्यावर आले, तर पाणी वाहू लागेपर्यंत मी होडी सोडत नाही. त्यांना पडवीत बसवतो, चहा देतो आणि त्यांचं नाव विचारत नाही.